गौरम्माच्या चिंचेवरचं तिसरं घरटं

या लेखासोबत फोटो छापलेला नाही. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर तो यायचा होता. संपादकांनी जागा राखून ठेवली होती, दोनदा फोनही केला होता. मीच नको म्हटलं. तेव्हा ते जरा नाराज होऊन म्हणाले, "मग निदान त्या प्रवासाचं तरी लिहून द्या." ते हे लिहून देते आहे.

हेब्बाळ

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, मी कॅमेरा घेतला. विम्याच्या ऑफिसात तेहतीस वर्षं इतरांच्या अपघातांचे कागद तपासल्यावर काहीतरी जिवंत बघावं असं वाटलं, असं मी सांगत असे. खरं कारण वेगळं होतं. आयुष्यात एकदा तरी माझं नाव एखाद्या सुंदर गोष्टीखाली छापलेलं मला बघायचं होतं. अडीच किलोची लेन्स गळ्यात अडकवून साठीची बाई तळ्याकाठी चिखलात बसते, हे बघून घरचे हसायचे. हसू देत, म्हटलं.

आमच्या शहरातल्या हेब्बाळच्या तळ्यावर चित्रबलाक येतात. करकोच्याच्या जातीचा, कमरेइतका उंच पक्षी. अंग पांढरं, छातीवर काळा पट्टा, चोच पिवळी आणि शेपटीजवळच्या पिसांवर गुलाबी रंग. अर्धी चोच उघडून पाण्यात घालतो आणि तासन्‌तास उभा राहतो. पाणी कसलं, शेवाळ आणि प्लॅस्टिक. त्यातून त्यांना मासे मिळतात तरी कसे, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्याकडे त्यांचे शेकड्यांनी फोटो होते आणि प्रत्येकात मागे उड्डाणपूल होता.

निनाद मला तिथेच भेटला. मूळचा पुण्याचा, वय बत्तीस, महादेवपुऱ्यात संगणकाच्या कंपनीत. शनिवारी गर्दी व्हायच्या आत अख्खं शहर ओलांडून हेब्बाळला यायचा.

"काकू, तुमचं मराठी म्हणजे ना, व्हिंटेज आहे एकदम," असं त्यानं पहिल्याच दिवशी मला ऐकवलं.

"आमचं घराणं या कानडी मुलखात येऊन तीनशेच्या वर वर्षं झाली. तुझं येऊन तीन झाली असतील. स्वल्प दम धर, तुझंही होईल," मी म्हटलं. तेव्हापासून आमची गट्टी.

घरट्यातली पिल्लं टिपायची, हे मात्र आम्हा दोघांच्या मनात होतं. हेब्बाळला ते शक्य नव्हतं, तिथे ते नुसते मासे खायला येतात. तेव्हा मला गौरम्मा आठवली. आमच्या ऑफिसातल्या रामय्या शिपायाची ही बायको. रामय्या गेला त्याला सहा वर्षं झाली, पण संक्रांतीला तिचा फोन येतो. त्यांचं गाव आनेकलच्या पुढे, तळ्याच्या काठी, आणि परसातल्या चिंचेवर दरवर्षी 'कोक्करे' येतात असं रामय्या सांगायचा. कोक्करे म्हणजे हेच करकोचे. मी फोन केला. "या की अक्का. या वर्षी नऊ घरटी आहेत," ती म्हणाली.

शनिवार, आनेकलच्या पुढे

मार्चचा शेवटचा आठवडा होता. उजाडता उजाडता आनेकलच्या बस स्टँडसमोर आम्ही तट्टे इडली खाल्ली. ताटलीएवढी इडली, वर लोण्याचा गोळा. निनादनं दोन खाल्ल्या आणि पुण्यात असलं काही मिळत नाही हे कबूल केलं, त्याच्याकडून हे मोठंच. शेजारच्या टेबलांवर कारखान्यात निघालेल्या बायका डबे मांडीवर घेऊन घाईघाईनं कॉफी पीत होत्या.

गावापुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी प्लॉट पाडलेले. शेत दिसत नाही, नुसते रंगवलेले दगड. तळं निम्मं आटलं होतं, उरलेल्या निम्म्यात जलपर्णी. रामय्याच्या तोंडून ऐकलेलं तळं हे नव्हतंच. या एवढ्याशा पाण्यावर नऊ घरटी कशी पोसली जाणार, असं मनात आलं, आणि लगेच लेन्सवर धूळ बसेल याची काळजी वाटायला लागली. माझं मन त्या दिवसांत असं चालत होतं.

गौरम्मा दारातच उभी होती. वय माझ्याएवढंच, पण हातांकडे पाहिलं तर दहा वर्षांनी मोठी. आमचं सगळं बोलणं कानडीत झालं, इथे मराठीत देते आहे.

परसात शिरताच आधी वास आला, मासळीचा आणि विष्ठेचा. मग आवाज. मोठे पक्षी चोची एकमेकांवर आपटतात, लाकडी टिपऱ्या वाजाव्यात तसं, आणि पिल्लं घशातून घरघरतात. चिंच जुनी, दोघांच्या कवेत न मावणारी. निनादनं मान वर केली आणि त्याच क्षणी त्याच्या टोपीवर पांढरा सडा पडला. गौरम्मा तोंडाला पदर लावून हसली. "आशीर्वाद झाला. आता फोटो चांगले येतील," म्हणाली.

खोडाला हळदीचा दोरा गुंडाळलेला होता. मी विचारलं.

"पाखरांनी पहिली काटकी आणली की बांधतो," गौरम्मा म्हणाली. "शेवटचं पिल्लू उडालं की सोडतो. दोरा असेपर्यंत झाडाला लोखंड लावायचं नाही. कोयता नाही, आकडी नाही, खिळासुद्धा नाही. चिंचा पिकून गळून गेल्या तरी चालतील. बाणंती आहेत ना वर."

बाणंती म्हणजे बाळंतीण. आमच्या घरीही बाळंतिणीच्या खोलीत सुरी-कात्री उघडी ठेवत नसत, पण ते घरातल्या बाईसाठी. झाडावरच्या पाखरांना बाळंतिणीचा मान देणारं गाव मी पहिल्यांदाच पाहिलं. मी ते वहीत लिहून घेतलं. खाली रेघही ओढली.

योगायोग असा, की तिची स्वतःची मुलगी आदल्याच रात्री आनेकलच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. गौरम्मा आमच्यासाठीच थांबली होती. तिनं आम्हाला गच्चीची किल्ली दिली, मुद्दे म्हणजे नाचणीचे गोळे आणि सारू म्हणजे आमटी, असं जेवण झाकून ठेवलंय ते दाखवलं, आणि निघताना म्हणाली, "मी उद्या दुपारपर्यंत येते. तोवर झाडाला बघा, अक्का. शेजारची पोरं चिंचांसाठी आकडी घेऊन येतात. लावू देऊ नका."

"सरी, बघते मी. तू निश्चिंत जा," मी म्हटलं.

शनिवार, गच्ची

गच्चीवरून घरटी अगदी नजरेच्या रेषेत दिसत होती. पहिलं आणि दुसरं उंचावर, पानांत. तिसरं आमच्यापासून वीस-बावीस फुटांवर. त्यात तीन पिल्लं, कापसासारखी पांढरी, दहा-बारा दिवसांची असतील. आणि त्यांच्यावर एक फांदी. मनगटाएवढी जाड, हिरवीगार, गच्चीच्या कठड्यापर्यंत आलेली. फ्रेमच्या बरोबर मधोमध.

आम्ही तासभर इकडून तिकडून बघितलं. बसून, उभं राहून, पाण्याच्या टाकीवर चढून. काही केलं तरी फांदी आडवी येत होती.

"ही एक फांदी नसती ना काकू," निनाद सुस्कारा टाकून म्हणाला, "तर फुल क्लीन फ्रेम होती. कव्हर मटेरियल."

तो नुसतं बोलला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे ज्यांना कळलं त्यांनी त्यालाही दोष दिला.

गच्चीच्या कोपऱ्यात शेवग्याच्या शेंगा काढायचा बांबू होता, टोकाला विळा बांधलेला. मी तो उचलला.

"काकू, आर यू शुअर? त्या म्हणाल्या होत्या ना, लोखंड..."

"दोरा खोडाला आहे. ही फांदी घराकडे आलीय," मी म्हटलं. "झाडाची एक फांदी काढल्यानं झाड मरत नाही. मी बाग करते, मला शिकवू नकोस."

चार हिसक्यांत फांदी तुटली आणि परसात पडली. सगळे पक्षी एकदम उडाले. आकाशात दोन फेऱ्या मारल्या आणि दहा मिनिटांत एक एक करून परत आले. तिसऱ्या घरट्यावरही एक उतरला. मी निनादकडे विजयानं पाहिलं. "बघ, काही झालं नाही."

काही झालं नाही, असंच मला त्या दुपारी वाटलं.

जेवायला खाली आलो. नाचणीचा मुद्दा चावायचा नसतो, सारूत बुडवून गिळायचा असतो. निनाद चावत बसला आणि मुद्दा त्याच्या टाळूला चिकटला. मी पोट धरून हसले.

वर गेलो तेव्हा ऊन ऐन भरात होतं, आणि तिसऱ्या घरट्यात ती उभी होती. उन्हाकडे पाठ करून, दोन्ही पंख अर्धे उघडून खाली सोडलेले. पंखांखाली तिन्ही पिल्लं. पिसांतून ऊन झिरपत होतं आणि गुलाबी रंग आतून पेटल्यासारखा दिसत होता. नर-मादी दिसायला सारखीच असतात, पण आम्ही तिला आई ठरवून टाकलं. मी सव्वातीनशे फोटो काढले. एकसष्टाव्या वर्षी माणसाला इतका आनंद होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

"बाकीच्या घरट्यांत कोणी असं उभं राहत नाहीये," निनाद दुर्बिणीतून बघत म्हणाला. "ते आळीपाळीनं मासे आणतायत. हीच एक. किती डेडिकेटेड आहे बघा."

आम्ही दोघं शिकलेली माणसं. बाकीच्या आठ घरट्यांवर पानं होती आणि या एकावर नव्हती. हे आमच्या डोळ्यांसमोर होतं, लेन्समधून तर दहापट मोठं दिसत होतं. आम्हाला ते दिसलं नाही.

रविवार

सकाळी नऊपासून ती पुन्हा तशीच उभी. जोडीदार एकदा आला, घरट्यात थोडे मासे ओकले आणि गेला. तळं आटलेलं, लांब जावं लागत असणार. अकराला तो आला तेव्हा चोचीतून पिल्लांच्या अंगावर पाणी ओतलं. निनाद त्यावरही खूश झाला, "शॉवर देतोय!" ती मात्र जागची हलली नाही. चोच उघडी टाकून धापत होती. मला वाटलं, उकडतंय.

दुपारी गौरम्मा आली. नातीला बघून खूश होती. तिनं आमच्या हातांवर साखर ठेवली आणि सवयीनं झाडाकडे पाहिलं. तिचा हात तसाच राहिला.

"सावली कुणी काढली?"

फांदीचं तुटलेलं टोक पांढरंशुभ्र दिसत होतं. निनादनं माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याची बॅग आवरायला लागले.

"करंटवाले आले असतील," तीच म्हणाली. "तारेला लागतं म्हणून छाटतात. तुम्ही होतात ना अक्का? सांगितलं नाहीत त्यांना?"

"आम्ही खाली जेवत होतो," मी म्हटलं.

हे खोटंही नव्हतं, जेवत तर होतोच. तेहतीस वर्षं असली उत्तरं मी लोकांच्या अर्जांत पकडत आले होते. गौरम्मानं मान हलवली आणि ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांना दोन शिव्या दिल्या. मग तुटलेली फांदी उचलून कठड्यावरून घरट्याच्या बाजूला टेकवून बघितली. ती तिथे टिकेना. निघताना तिनं आम्हाला वाटेत खायला फणसाचे गरे दिले.

गाडी आनेकलला आली. मग निनाद म्हणाला, "काकू, सांगायला हवं होतं."

"पुढच्या वेळी सांगेन."

शहरात, आठ दिवस

फोटो मी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी डोक्यावर घेतला. 'आई शेवटी आई असते', 'डोळ्यांत पाणी आलं', हात जोडलेली चित्रं. संपादकांचा फोन आला, मुखपृष्ठ नक्की. मी मोठी प्रत काढून घेतली, पाठीला कडक पुठ्ठा लावून. एक घरी, एक गौरम्मासाठी.

मग पक्षीनिरीक्षण करणाऱ्या एका वयस्कर बाईंचा निरोप आला. त्यात कौतुक नव्हतं. 'फोटोत उजवीकडे वर फांदीचा ताजा काप दिसतो आहे. घरट्यावरची सावली गेली की एकाला दिवसभर असं उभं राहावं लागतं, मासे आणणारा एकच उरतो. पिल्लांचं काय झालं ते कळवाल का?'

मी फोटो मोठा करून पाहिला. उजव्या कोपऱ्यात नखाएवढा पांढरा ठिपका होता. तो मला त्याआधी कधी दिसला नव्हता. रात्रभर मी स्वतःला समजावत होते, की पक्षी आहेत, त्यांना सवय असते, ऊन काय त्यांना नवं आहे. पहाटे निनादला फोन केला. त्यानं सुट्टी टाकली, का म्हणून विचारलं नाही.

पुन्हा तिथेच

या खेपेला इडली खाल्ली नाही. प्रत माझ्या मांडीवर होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

तिसरं घरटं रिकामं होतं. शेजारच्या घरट्यांतली पिल्लं माना उंचावून घरघरत होती. खाली भिंतीशी गौरम्मा बसली होती, पुढ्यात कोंबड्यांची टोपली आणि तिच्यावर ओलं पोतं.

"एक मंगळवारी वरच वाळलं," ती म्हणाली. "एक शुक्रवारी पडलं, मानेवर. हे काल पडलं. मोठी दोघं परवापासून येत नाहीत. किती उभी राहतील? मी मासे भरवते, पण गिळत नाही."

तिनं पोतं उचललं. पांढरं पिल्लू, चोच काळी, मान लटकती. डोळा उघडा होता. माझ्याकडेच बघत होतं असं मला वाटलं, पण ते कशाकडेच बघत नसावं.

मग तिचं माझ्या हातातल्या गुंडाळीकडे लक्ष गेलं. "काय आणलंत?"

मी कागद सोडला. गौरम्मानं फोटो दोन्ही हातांत धरला. तिचा चेहरा उजळला, हे मी कधी विसरणार नाही. बोटानं तिनं एक एक पिल्लू मोजलं. "हे मंगळवारचं. हे शुक्रवारचं. हे," ती टोपलीकडे बघून म्हणाली, "हे. कशी धरलीय बघा सावली. बाणंतीच ती."

"गौरम्मा," मी म्हटलं, "फांदी मी तोडली. करंटवाले आले नव्हते. हा फोटो काढायला म्हणून तोडली. तुझ्याच विळ्यानं."

निनाद मागे उभा होता. झाडावर चोची वाजत होत्या. गौरम्मा माझ्याकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर मी पायांवर डोकं ठेवलं असतं, तयारीनंच गेले होते. पण तिनं मला काहीच करू दिलं नाही. खाली पाहिलं. ऊन सरकून टोपलीच्या निम्म्यावर आलं होतं. तिनं फोटो उचलला आणि उन्हाच्या बाजूनं टोपलीला तिरका टेकवला. पिल्लू सावलीत गेलं.

"धरा," म्हणाली. "वाऱ्यानं पडेल."

मी मातीत बसले आणि पुठ्ठा धरला. ती आत गेली, पाणी आणून पोतं भिजवलं आणि पिल्लाखाली घातलं, मासळीचे बारीक तुकडे केले, पिल्लाची चोच उघडून एक तुकडा घशात सोडला. तो बाहेर आला. पुन्हा सोडला. पुन्हा बाहेर आला. निनाद तळ्यावर जाऊन बादलीभर ताजं पाणी घेऊन आला. ऊन सरकेल तसा मी फोटो सरकवत होते. दंड भरून आले, मग बधिर झाले. वरच्या घरट्यांतले मोठे पक्षी येत होते, जात होते, आपापल्या पिल्लांना भरवत होते. त्यांना आमच्याकडे बघायलाही वेळ नव्हता. मी देवाला कधी फार काही मागितलेलं नाही. त्या दिवशी मागितलं.

साडेतीनच्या सुमारास पिल्लानं चोच एकदा उघडली आणि मिटली. मग मान पोत्यावर ठेवली. मी पुठ्ठा खाली ठेवला नाही.

शेवटी गौरम्मानं पिल्लू पदरात घेतलं आणि उठली. मीही उठले. फोटोवर पांढरे सडे पडले होते, एक कोपरा ओल्या पोत्यानं फुगला होता. तो तिथे टाकून जाणं मला बरं वाटेना. मी तो उचलून कागदात गुंडाळायला लागले.

"राहू दे," गौरम्मा पाठमोरीच म्हणाली. "उन्हाळा अजून सरला नाही. उद्या अजून एखादं पडेल, सावलीला लागेल."